न्हाणीघराच्या फरशीतला नाग

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना जगात फक्त सापाची भीती वाटते. हे आधी कळलं असतं, तर औंधजवळच्या त्यांच्या नव्या घरासाठी सांगलीहून राजस्थानी पिवळी फरशी आणायच्या भानगडीत मी पडलोच नसतो.

फरशी बसली आणि पहिल्याच दिवशी मामा टॉवेलवर न्हाणीघरातून बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

"पावनं, आत नाग हाय. वेटोळं घालून बसलाय."

आम्ही काठ्या घेऊन गेलो (मी सगळ्यात मागे). नाग हलत नव्हता, कारण तो फरशीतच होता. ताटलीएवढं, रेघारेघांचं वेटोळं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही.

"मामा, हा चुनखडक. समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांचा गाळ साचून होतो. हा साप नाही, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा शंख आहे. जीवाश्म."

"म्हंजी मेल्यालं हाय?" सासूबाईंनी विचारलं. "मग आमी सुतक धरायचं व्हय?"

"आपल्या डोंगरात कसं न्हाई असलं कायबी?" मामा म्हणाले.

"आपला काळा दगड लाव्ह्याचा. उकळत्या लाव्ह्यात कोण जगणार?"

"मग त्योच बरा की."

चुनखडकाची खूण सोपी: आम्ल टाकलं की फेस येतो. मी लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले, पण ते बघायला कुणी वाकेना. म्हणून मी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उचलली आणि बरोबर वेटोळ्यावर धार धरली.

फरशी फुस्स करून फुत्कारली. वेटोळ्यातून पांढरा फेस वर आला. मामा, सासूबाई आणि माझी बायको एकदमच दाराबाहेर पडली. दार आपटलं. बाहेरून कडी लागली.

"मामा, मी आत आहे."

"आमाला ठावं हाय. त्यो गप झाला की सांगा."

वास नाकाला झोंबत होता. मी घाईघाईनं बादलीभर पाणी ओतलं. फेस वाहून गेला आणि पॉलिश उडालेलं वेटोळं आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागलं. खोटं कशाला सांगू, मला ते जरासं सरकल्यासारखं वाटलं. मी बादली पालथी घालून तिच्यावर चढलो.

"मामा, कडी काढा."

"मेल्यालं हाय न्हवं?"

"हाय. पण काढा."

आता तिथं रबरी चटई अंथरलीय आणि मामा तिच्यावर उभं राहून निवांत आंघोळ करतात. मी मात्र सासुरवाडीला घरूनच आंघोळ करून निघतो. (बायकोला सांगितलंय, तेवढंच तिकडचं पाणी वाचतं.)