मधली भिंत

तांब्यानं मी भिंतीवर तीन ठोके दिले आणि थांबले. कुणी आलं नाही. परत तीन दिले. मी न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते, डावा पाय हलत नव्हता आणि दाराला आतून कडी होती. घरात कुणी नसताना कडी लावली होती, कारण दाराला कडी होती. मुलगा आणि सून नऊला कामावर गेले होते. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सुनेनं अंघोळीला प्लॅस्टिकचा मग आणून ठेवला होता, तो मी कधी वापरला नाही. पितळी तांब्या होता म्हणून निदान आवाज तरी होत होता.

जुन्या घरी, मंगळवार पेठेत हे ठोके चाळीस वर्षं चालले. आमचं घर आणि शेजारणीचं घर यांच्यात एकच भिंत. एक ठोका म्हणजे विरजण दे. दोन म्हणजे चहा टाकलाय. तीन म्हणजे हातातलं टाक आणि ये. तीन आम्ही सहसा द्यायचो नाही. तिच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं दिले. माझ्या मालकांच्या छातीत दुखलं तेव्हा मी दिले, आणि ती पिठाच्या हातानं आली. एकदा तिनं तीन दिले, मी पायात चप्पल न घालता धावले, तर बाईच्या दुधात पाल पडली होती. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

फरशीवर पडल्यावर बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी ठोकते त्या भिंतीपलीकडं माणूसच नाही. आधी आमची बोळकांडी, मग कंपाउंड, मग त्यांची बोळकांडी आणि मग त्यांची भिंत.

ही मोकळी जागा मलाच हवी होती. मालक गेल्यावर मुलानं घर बघायला घेतलं. तोवर मी नातेवाइकांची घरं बघून घेतली होती. नणंदेचं कसबा बावड्यात रो-हाउस, दोन्ही बाजूंच्या भिंती दुसऱ्यांच्यात, आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की घरभर मळीचा वास. भाचीचा नागाळा पार्कात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, डोक्यावर लोकांचे पाय. चुलत दिराचं राजारामपुरीतलं घर मोठं, पण दुकानाला आलेल्या लोकांच्या गाड्या त्याच्याच दारात. मग मुलानं कळंब्याच्या घराचा नकाशा दाखवला. घराभोवती चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडली होती. ही काय म्हणून विचारलं, तर मोकळी जागा, म्हणाला. मी चौथी शिकलेली, त्या नकाशातलं मला तेवढंच कळलं आणि तेवढंच आवडलं. चारी भिंती आपल्या, जवळच्या तळ्यावरचा वारा. पेठेत मी हे इतक्यांदा सांगितलं, की शेवटी शेजारीण म्हणाली, जा की मग आणि खा वारं.

पेठेतलं घर चांगलं होतं असं मी म्हणत नाही. संडास बोळाच्या टोकाला, पावसाळ्यात छत्री घेऊन जायचं. माळ्यावर उंदीर. न्हाणी म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा, त्याला जुन्या साडीचा पडदा. कोण अंघोळ करतंय आणि किती वेळ करतंय, ते पलीकडच्या घरालाही कळायचं. मला त्याचा वैताग होता. नव्या घरात पहिल्यांदा कडी लावून अंघोळ केली, त्या दिवशी मी अर्धा तास बाहेर आले नाही.

भांडी घासायला येणारी बाई साडेबाराला आली. बेल वाजवून दार उघडेना म्हणून मागच्या बाजूला गेली, तेव्हा तिला ठोके ऐकू आले. तिनं मुलाला फोन केला, त्यानं येऊन कडी तोडली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात नव्या घराची शेजारीण आली. नोकरी घरूनच करते, बाई चांगली आहे. शहाळं ठेवलं आणि रडायला लागली. ठोके तिनं ऐकले होते.

"मावशी, मला वाटलं तुमच्याकडं फरशीचं काम निघालंय."

तिची चूक नाही. नव्या कॉलनीत रोज कुणाच्या तरी घरात ठोकाठोक चाललेली असते. तीन ठोक्यांचं मी तिला सांगितलं नाही. दवाखान्यात पडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

चार महिन्यांनी काठी घेऊन, रिक्षा करून पेठेत गेले. आमच्या घरात आता कॉलेजच्या मुली भाड्यानं राहतात. शेजारणीनं माझा पाय चाचपून बघितला, चहा टाकला आणि उठून भिंतीवर दोन ठोके दिले. मी तिच्या समोर बसले होते. पलीकडचं दार वाजलं आणि एक मुलगी स्वतःचा कप घेऊन आत आली. चहा घेऊन, मला नमस्कार करून गेली.

"चारी बाजूंनी वारं पायजे हुतं न्हवं तुला?" शेजारीण म्हणाली. "खाल्लंस न्हवं पोटभर?"

पोरींना तीन शिकवलेस का, एवढं मी विचारलं.

"न्हाय. दोनावर भागतंय."

मला बरं वाटलं. मग मी भिंतीजवळ जाऊन बसले आणि रिक्षावाला हाका मारेपर्यंत उठले नाही.

कळंब्याच्या न्हाणीघराला मुलानं परत कडी बसवली नाही. तांब्या तिथंच असतो. अंघोळ झाली की मी तो भिंतीला टेकवून ठेवते, ठोकत नाही. त्या दिवशी दहापासून साडेबारापर्यंत त्या फरशीवर मी एकटी होते.