कात्रीबाईंची यादी

कचेरीत सगळे त्यांना कात्रीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. राज्याच्या अर्थखात्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्या एकोणतीस वर्षं आरोग्याच्या फायली बघताहेत.

पहिली बावीस वर्षं बरी गेली. पैसे केंद्राकडून यायचे आणि कशावर खर्चायचे तेही तिकडूनच ठरून यायचं. एका वर्षी डोंगरातल्या थंडगार जिल्ह्याला, जिथे डास औषधालाही सापडत नाही, अकरा हजार मच्छरदाण्या आल्या. बाईंनी निमूट वाटल्या. कुणी भांडायला आलं की त्या म्हणायच्या, "वरून आलं नाही हो, मी काय करू?" माणूस वरच्यांना चार शिव्या घालायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा.

मग कायदा बदलला. करांतला मोठा वाटा राज्यांना मिळणार आणि तो कसा खर्चायचा हे राज्यांनीच ठरवायचं. मंत्र्यांनी भाषण केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनीही. केंद्राच्या योजना त्याबरोबर बंद झाल्या, हे दुसऱ्या दिवशी परिपत्रक वाचताना कळलं. परिचारिकांचे पगार, औषधं, निवृत्तिवेतन, सगळं राज्याच्या गळ्यात पडलं. शेजारच्या राज्यात कारखाने होते, बंदर होतं. त्यांनी आपले कर वाढवून भागवलं. इथे वाढवायचे ते कुणावर?

तीन वर्षं ओढाताण करून काढली. मग सचिवांनी बाईंना बोलावलं. "एकेचाळीस प्रसूतिगृहं आहेत. पस्तीसच झेपतील. सहा नावं काढा."

सगळ्यात कमी बाळंतपणं होतात ती सहा, असा नियम बाईंनी लावला. सहावं नाव निघालं ते त्यांच्या थोरल्या नणंदेच्या दवाखान्याचं. नणंद तिथे सव्वीस वर्षं परिचारिका होती. बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि सही केली.

आठवड्याने फोन आला. "वहिनी, पत्र मिळालं. खाली तुमची सही आहे."

"वन्सं, नियम सगळ्यांना एकच लावलाय."

"नियमाबद्दल मी कुठे काय म्हणतेय? पूर्वी सांगता यायचं, वरून आलं नाही. आता बायकांना काय सांगू, तेवढं बोला."

"मी येऊन सांगते," बाई म्हणाल्या.

बसने सहा तास लागले. व्हरांड्यात बारा-तेरा बायका बसल्या होत्या. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. एका पोटुशीने एवढंच विचारलं, "मला सातवा लागलाय. मी कुठे जायचं?"

नंतर नणंदेने नोंदवही पुढे ठेवली. वर्षाची बाळंतपणं बावीस. "रस्ता चार महिने बंद असतो. तेव्हा मी घरोघरी जाऊन करते. ती यात धरत नाहीत." तिच्या स्वतःच्या डायरीत अशी एकोणतीस निघाली.

परतल्यावर बाई सचिवांकडे गेल्या. घरची बाळंतपणंही मोजायला हवीत, म्हणाल्या. सचिवांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मोजा. पण बंद सहाच होणार, हे ध्यानात असू द्या."

एकेचाळीस ठिकाणांहून डायऱ्या मागवायला दीड महिना गेला. नव्या मोजणीत दोन दवाखाने वर सरकले. त्यांतला एक नणंदेचा. दुसरे दोन खाली आले. त्या पत्रांवरही बाईंनीच सही केली.

नणंदेचा दवाखाना वाचवला, अशी कुजबुज कचेरीत झाली. बाई कुणाला समजावत बसल्या नाहीत. नणंदेने फोनवर आधी विचारलं, "मग कुठले गेले?" बाईंनी नावं सांगितली. "तिथल्या एका परिचारिकेबरोबर मी शिकले," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला. दोघींचं बोलणं आजही आहे, पण कामाबद्दल एक शब्द नसतो.

त्या दोन्ही ठिकाणी बाई स्वतः जाऊन आल्या. एका ठिकाणी त्यांना पाणीही विचारलं नाही. तेव्हापासून सही करून जे बंद केलं, तिथे त्या जातात. गेल्या वर्षी चार ठिकाणी गेल्या. गुडघे दुखतात, बस लागते, तरी जातात.

निवृत्तीला आता दोन महिने उरलेत. त्यांच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याने परवा विचारलं, "हे स्वतः जाणं नियमात आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "प्रवासभत्ताही मिळत नाही." आणि त्यांनी त्याला पुढची फाइल समजावायला घेतली.