खोक्यातला जवळा
उरणच्या बाजारात सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, वास आला की शाळेचं सभागृह आठवतं. सीमेवर युद्ध सुरू होतं आणि आम्ही दहावीची मुलं जवानांसाठी चिवड्याचे खोके भरत होतो. वर्गातल्या एका मुलीची कोळीण आई जवळ्याची पिशवी घेऊन आली. तिचा थोरला मुलगा आघाडीवर होता. "मावशी, सगळ्याला वास लागेल," मुख्याध्यापक म्हणाले. "लागू दे, सर. वास आला तरच कलंल ना त्याला, घरचा हाय." कोणता खोका त्याला मिळेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधलेले सगळे खोके सरांनी पुन्हा उघडायला लावले आणि प्रत्येकात मूठभर जवळा घातला. परवा तो थोरला बाजारात भेटला. त्याला मिळालेला खोका दुसऱ्याच कुठल्या शाळेचा होता, त्यात नुसती बिस्किटं होती, म्हणाला. आईला मात्र त्याने जवळा पोचल्याचंच सांगितलं होतं.