तांडेलांचा उजवा बूट

"पाय मोकला पायजे!"

नवीन पनवेलला माझं औषधांचं दुकान आहे. माझ्या पायाशी खोक्याची सुतळी पडलेली दिसली, की तांडेल पायरीवरूनच गरजायचे. "उचल ती, बाय! दोरीत पाय घालून काय उबी रायतेस?" गिऱ्हाइकं दचकायची. मी मुकाट्यानं सुतळी उचलायचे, कारण त्याशिवाय हे आपल्या मधुमेहाच्या गोळ्यांना हात लावायचे नाहीत.

त्यांचा जन्म उरणजवळच्या करंजाच्या मासेमारी होड्यांवर गेलेला. होडीचा मुख्य तो तांडेल, म्हणून सगळे त्यांना तांडेलच म्हणायचे. जाळं सोडताना दोरीच्या वेटोळ्यात उभा राहिलेला एक खलाशी त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात ओढला गेला होता. तेव्हापासून पायाभोवती काही आलं की यांचं डोकं फिरायचं.

म्हातारपणी मुलाकडे राहायला आले, रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. तर यांनी काय करावं? शर्यतीवाल्यांसारखी रोडची सायकल घेतली! चालायला काय झालं होतं, मी विचारलं. "चालून तोंडावर वारा लागतो काय गं?" आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात ते असे घुसले ते घुसलेच. सकाळी उरणच्या रस्त्याला लागलो की सगळ्यांच्या पुढे. "सायकल हाय तवर मी हाय, बाय. घरात बसवलंत तर मेलो समज." हे ते गमतीनं म्हणत नसत.

मग साखरेपायी उजव्या तळव्याची जाणीवच गेली. पाय पेडलवर आहे की नाही, कळेना. एकदा तो सटकला आणि मागून ट्रेलर येत होता. मी तिथंच रस्त्याकडेला ओरडले, "काका, माझ्यासारखी बूट अडकवायची पेडलं लावा, नाहीतर सायकल विका!"

"पाय बांदू? मी?" असे भडकले की विचारू नका. गोळ्यासुद्धा दुसऱ्या दुकानातून न्यायला लागले. न्या म्हटलं, माझं काय जातंय!

आणि एके दिवशी पायरीवर हजर. "चल. दाखव तुजी ती पेडलं."

पनवेलच्या सायकलवाल्यानं तीन प्रकार मांडले. बुटाच्या तळाला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये टक्‌ करून बसते, टाच बाहेर फिरवली की सुटते. तांडेलांनी बूट हातात घातला आणि अडकव-सोडव, अडकव-सोडव, दुकानदार जांभया द्यायला लागेपर्यंत. स्वस्तातल्या पेडलची स्प्रिंग ताठ होती, ते बाजूला गेलं. महागडं वजनाला हलकं. "हलकं कशाला? मी काय उडनार हाय?" मधलं मात्र आवडलं. पाय टेकायला रुंद, आवाज खणखणीत, आणि पान्यानं स्क्रू फिरवून पकड हवी तेवढी सैल करता येणारी. "पायाला कलत नाय, पन कानाला कलंल," म्हणाले. तिथंच स्क्रू पार सैल करून घेतला. माझीही तीच पेडलं होती, त्यामुळे मला उगाच फुशारकी वाटली.

बरं चाललं होतं. मग काय सुचलं कोण जाणे, चहाच्या टपरीवर थांबलो की हे भिंतीला टेकायचे, बुटाचे पट्टे सोडायचे आणि उजवा बूट पेडललाच ठेवून नुसत्या मोज्यावर चहाला यायचे. "देवलात आलू, चपला भायेर!" सगळे हसायचे. मला मात्र संताप यायचा. साखरेच्या माणसानं अनवाणी चालायचं नसतं, हे मी रोज दहा जणांना सांगते हो! "काका, बूट घाला!" "आवलतो गं मेला."

मोज्यातून काच शिरली. त्यांना कळलीसुद्धा नाही. पाय चिघळला, विष अंगात भिनलं, आणि माणूस गेला. एका बुटापायी! मी रडले कमी आणि शिव्याच जास्त घातल्या.

तांडेलांच्या बायकोनं, काकूंनी, मला बोलावलं. "बाय, सायकल तूच ने. घरात नको वाटते."

इमारतीखाली सायकल भिंतीला लावलेली होती. माझे बूट घातले, बसले, दोन्ही पाय टक्‌ टक्‌ अडकवले. डावा सहज सुटला. उजवा सुटेना. टाच फिरवली, जोर लावला, घोटा दुखला, तरी हलेना. वाकून पाहिलं, तर उजवीकडचा स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला. पाय पुन्हा सटकायला लागला असणार, आणि सांगितलं तर ही बया सायकल विकायला लावेल म्हणून माझ्यापासून चोरून यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचा पाय बांधला होता. एकदा अडकला की त्यांच्याच्यानं तो सुटत नव्हता.

"अहो, पाय मोकळा हवा होता ना तुम्हाला?" मी त्या सायकलवरच ओरडले. "मग?"

काकू घाबरून पुढे आल्या. मी त्यांच्या खांद्याला धरलं, बुटाचे पट्टे सोडले, पाय ओढून काढला आणि नुसत्या मोज्यावर गार फरशीवर उभी राहिले. बूट पेडललाच अडकलेला होता.