पडद्याच्या ऐपतीबाहेर

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आमच्या भाऊजींना लहानपणी कुणी शिकवलंच नसावं. ते बस डेपोत वेळापत्रक आखतात; मी तिथेच हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसते. त्यांचा मॉनिटर जुना, बेताचा. पण भाऊजींना दिवसभराच्या सगळ्या बस एका नजरेत हव्यात. म्हणून त्यांनी कुठलीशी सेटिंग करून पडद्याच्या ऐपतीपेक्षा मोठं चित्र त्यात दाटून बसवलं होतं. अक्षरं मुंगीएवढी, वर धुरकट. बघूनच माझं डोकं उठायचं. हे आपले काचेला नाक लावून खुशीत!

त्या दिवसांत माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, नोकरी सोडायला निघाली होती. ती हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. दुपारी तिची ड्यूटी सुटायच्या जरा आधीच बस निघून जायची आणि डेपोजवळच्या आमच्या घरापर्यंतचा चढ चालून गुडघ्यांचे बारा वाजायचे. पोरांत तिचा जीव अडकलेला, पण गुडघे ऐकेनात. जादा बस मिळणार नाही, असं डेपोच्या साहेबांनी भाऊजींना साफ सांगितलं होतं.

एका सकाळी भाऊजी माझ्या खिडकीशी धावत आले. सगळा दिवस एका पडद्यावर बघताना त्यांना दुपारी एक बस डेपोत रिकामी उभी सापडली होती! साहेब हो म्हणाले, ताईने राजीनामा फाडून टाकला आणि भाऊजींनी अख्ख्या डेपोला चहा पाजला.

नवं वेळापत्रक फळ्यावर लागलं, तसे त्या बसचे ड्रायव्हरमामा तणतणत माझ्याच खिडकीवर आले. म्हणाले, "माझं जेवण हरवलंय, शोधून द्या."

झालं होतं असं, की जेवणाची सुट्टी फिकट रेघेने दाखवतात, आणि त्या दाटीवाटीत ती रेघ पार पुसून गेली होती. मामांचा आवाज ऐकून भाऊजी बाहेर आले. बायकोला आता काय तोंड दाखवू, म्हणाले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही. शेवटी मीच मामांना ताईच्या गुडघ्यांची सगळी कहाणी सांगितली.

मामांनी डबा काखेत मारला. "डबा इथे खाल्ला काय न् हॉस्पिटलच्या दारात खाल्ला काय, मला सारखंच. बस तिथे लावून जेवतो, ड्यूटी सुटली की माणसं घेऊन येतो. पण तुमच्या पडद्यावर माझं जेवण दिसलं पाहिजे."

भाऊजींनी तिथल्या तिथे ती रेघ लालभडक केली.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं डेपोच्या दारात वाट बघत उभे राहिलो. बस आली ती खच्चून भरलेली. नर्सा, आया, सफाईवाले, बाळं कडेवर घेतलेल्या बायका, सगळे उतरतच होते. ताई सगळ्यांत शेवटी उतरली, घामाघूम, आणि हसू तोंडावर मावत नव्हतं.

"सगळा चढ मी उभ्याने आले," ती नवऱ्याला म्हणाली. "आता अजून एक बस शोधा."