तोंड भिंतीकडे करा, भाऊ!

लीलाबाई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट झाली तीच मुळी पाठमोरी. पाठ अर्थातच माझी! मी तेव्हा कोरपन्याला बँकेत नोकरीला होतो आणि छायाचित्रणाचे नवे वेड लागले होते. चंद्रपूरला चित्रकलेच्या एका शिक्षिकेच्या घरी दर रविवारी हौशी छायाचित्रकार जमतात असे कळले, म्हणून जंगलात टिपलेल्या चितळाचा मोठा फोटो घेऊन मी मोठ्या ऐटीत गेलो. बाईंनी तो चिमट्याने दोरीला लावला. मी काट्यांत कसा बसलो, घाम कसा गळत होता, हे सांगू लागताच त्या म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे करा, भाऊ. आमी फोटो पाहून राह्यलो, तुमची मेहनत नाई."

बाईंनी घालून दिलेला हा मंडळाचा रिवाज. ज्याचा फोटो दोरीवर, त्याने भिंतीकडे तोंड करून गप्प बसायचे आणि बाकीच्यांनी मोकळेपणी बोलायचे. "कान झाडात गेले न हरणाचे!" "आभाळ कायले एवढं घेतलं?" माझ्या चितळाची पार चिरफाड झाली. मी निघालो, तर बाईंनी थांबवून घेतले. न्हाणीघरात काळे पडदे लावून केलेल्या आपल्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी मी सोबत नेलेल्या माझ्याच निगेटिव्हचा अर्धा भाग मोठा केला. कागदावर ते चितळ हळूहळू उमटत गेले आणि मी आनंदाने ओरडलोच! बाई म्हणाल्या, "चांगला फोटो आहे जी. बाजूचा कचरा काढाचा होता फक्त."

हातचे राखून शिकवणे बाईंना ठाऊकच नाही. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवावी, ही युक्ती त्यांना कुरखेड्याच्या एका सभासदाने सांगितली. पुढच्या रविवारी बाईंनी स्वतः तांदूळ भाजून प्रत्येकाला पुरचुंडी बांधून दिली.

बाईंना स्वतःला मात्र एकच ध्यास होता, पाण्यावर आलेल्या रानकुत्र्यांच्या टोळीच्या फोटोचा. कित्येक उन्हाळे त्या त्यासाठी जंगलात फिरल्या. आणि ताडोब्याच्या बाजूला, एका सकाळी, ओढ्यावर ती टोळी आली! तांबूस अंगे, उभे कान, पिल्लांसकट सगळी पाण्यात! आम्ही सारे बाईंच्या मागे दबून बसलो होतो. बाई भराभर फोटो घेत होत्या. रोल छत्तीस फोटोंचा, तो कधीच संपायला हवा होता, तरी खटका पडतच राहिला. मग बाईंनी कॅमेरा खाली घेतला. फिल्मचे टोक आतल्या चक्रीत अडकलेच नव्हते, त्यामुळे ती पुढे सरकली नव्हती आणि एकही फोटो आला नव्हता. निघताना आम्हा सगळ्यांचे कॅमेरे तपासून देण्याच्या गडबडीत त्यांनी स्वतःचा तेवढा पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी बाईंनी दोरीला एक कोरा कागद लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. "बोला न. काऊन गप्प झाले सारे?" शेवटी मीच म्हणालो, "बाई, उजेड लय झाला जी." बाईंचे खांदे हलू लागले. रडताहेत की काय म्हणून मी घाबरून पुढे गेलो, तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या! नंतर चहा गाळताना मात्र हळूच म्हणाल्या, "पिल्लं किती गोड होती न, भाऊ."

बाईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ती टोळी अजून त्यांच्या कॅमेऱ्यात आलेली नाही. या गौरवग्रंथाचे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तक कायले? त्यापेक्षा जीप सांगा, जंगलात जाऊ." दोन्ही होणार आहे! साठीच्या समारंभानंतरच्या रविवारी आम्ही सारे बाईंसोबत त्याच ओढ्यावर जात आहोत. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे साथ देवोत, हात असाच स्थिर राहो. टोळी पिल्लांसह पुन्हा पाण्यावर येवो. आली, तर आमच्यापैकी कुणीही कॅमेरा उचलायचा नाही असे ठरले आहे. त्या सकाळी खटका वाजेल तो फक्त बाईंचा.