सारवलेली भिंत

लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोल्या पाडायचं ठरलं, तेव्हा एक चित्रकार आला. ताप बघतात तसा आधी भिंतीवर तळहात ठेवायचा, मग कागद लावून वर कोळसा घासायचा. भिंतीवरची खूण कागदावर उतरायची. आमच्या भिंतीवर सारवताना उमटलेली बायकोची बोटं होती. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"दुसऱ्याच्या भिंती काय घासतो रे? तुला घर नाही?" मी खेकसलो.

"काका, दंगलीत आमची गल्ली जळाली. अम्मीच्या हातची एकही भिंत राहिली नाही."

"मग दोन कागद काढ. एक तू ठेव."

दुसऱ्यांदा घासताना सारवण गळून पडलं. कागद एकच झाला. तो त्यानं माझ्यापुढं धरला.

"तूच ने," मी म्हटलं. "मला तिची बोटं पाठ आहेत."

तो गेला. मी उघड्या विटांकडं बघत बसलो.